तिसरी तुकडी

खो-खोत पळतीचे नऊ गडी एकदम मैदानात उतरत नाहीत. तीन-तीनांच्या तुकड्या पाडून उतरतात. पहिले तिघे बाद झाले की दुसरे तिघे, तेही गेले की मग तिसरे. पहिल्या तुकडीनेच वेळ काढला, तर उरलेल्यांना चुन्याच्या रेघेबाहेर उकिडवं बसून टाळ्या पिटण्यापलीकडे काम उरत नाही. सामना जिंकला तरी त्यांच्या अंगाला माती लागत नाही. त्यामुळे कोणता गडी कोणत्या तुकडीत हे ठरवणं ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुष्कळ काही असतं.

गुरुलिंग मास्तर ही गोष्ट पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगत. भवानी पेठेतल्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी दोन पिढ्या पळवल्या होत्या. आता निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. शाळेत ते गणित शिकवत आणि शाळा सुटली की धोतराचा काचा मारून खो-खो. शेजारच्या गल्लीतल्या मागांची खटखट दिवसभर चालू असे, तिच्या वर आवाज काढून ओरडायची त्यांना इतकी सवय झाली होती की घरात काशम्मा म्हणत, "अहो, मी इथंच आहे. मी पलीकडच्या खांबाला नाही."

बिरदेव त्यांना सापडला तो चिंचेमुळे. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा सांगोल्याकडून हरिबा धनगर बायको-पोरांना घेऊन सोलापुरात आला आणि सुताच्या एका पेढीवर हमालीला लागला. त्याचा हा थोरला. वर्गातल्या पोरांपेक्षा वयानं मोठा, बोलायला कमी. एका दुपारी त्यानं शाळेच्या आवारातल्या चिंचा पाडल्या आणि कुणालाच दिल्या नाहीत. म्हणून अख्खा वर्ग त्याच्या मागं लागला. मास्तर खिडकीतून ओरडणार होते, पण तोंड उघडंच राहिलं. पंधरा-वीस पोरं त्या एकाला धरू बघत होती आणि तो पळतसुद्धा नव्हता. नुसता या पायावरून त्या पायावर जात होता. हात आला की तो तिथं नसे. मधेच एक चिंच सोलून तोंडात टाकत होता.

"काय रे," मास्तरांनी त्याला बोलावून विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"काय?"

"हे हुकवणं."

बिरदेवनं जरा विचार केला. "शिकायचं काय त्यात, मास्तर? मेंढरू कुटं वळनार ते आदी कळतंच की."

"कसं कळतं?"

"तोंडाकडं न्हाय बघायचं. मागनं कळतं."

मास्तर आयुष्यभर पोरांना हेच सांगत आले होते. पाठलाग करणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, कंबरेकडे बघा. तोंड फसवतं, कंबर फसवू शकत नाही. शंभरातल्या दोघांना ते वर्षभरानं कळे. या पोराला ते येताना बरोबरच आलं होतं. त्या रात्री मास्तरांनी काशम्मांना बिरदेवच्या चिंचांची गोष्ट दोनदा सांगितली.

पुढची तीन वर्षं त्यांनी त्याच्यावर घासून पुसून काम केलं. बसलेल्या गड्यांमधून साखळी धरून कसं पळायचं, खांबाजवळ श्वास कुठं घ्यायचा, दमल्यावर दमलो असं दिसू द्यायचं नाही ते कसं. बिरदेव शिकलेलं विसरत नसे. गणित मात्र दुसऱ्या दिवशी विसरे. तेही मास्तरांनी त्याच्याकडून घटवून घेतलं, आणि तो कसाबसा अकरावीपर्यंत आला.

मागल्या वर्षी हरिबानं त्याला शाळेतून काढायचं ठरवलं, तेव्हा मास्तर स्वतः त्याच्या खोलीवर गेले.

"अंगानं दांडगा झालाय आता," हरिबा म्हणाला. "माझ्यासंगं गाठी उचलंल. साळंत बसून काय करतोया?"

"हरिबा, मला एक वर्ष दे. मॅट्रिक होऊ दे. पुण्यात एक कॉलेज आहे, ते खेळणाऱ्या पोरांना ठेवून घेतं. फी नाही, राहायला जागा, दोन वेळचं जेवण. तिथं गेला की शिकेल, शिकला की बँकेत, रेल्वेत कुठंही घेतील. खेळाडूला घेतात."

"पळन्याचं जेवान देत्यात?" हरिबा हसला. "आमी जलमभर मेंढरामागं पळालो, आमाला कुनी इचारलं न्हाय."

"विचारतील. मी बघतो."

हरिबानं बायकोकडे पाहिलं, मग छताकडे. "तुमी म्हंता तर ऱ्हाऊ द्या. तुमचा सबुद मोडवत न्हाय."

बिरदेव उंबऱ्याशी बसून बापाच्या वहाणेचा तुटका अंगठा शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

दिलेला शब्द मास्तरांनी डोक्यावर ओझं घेतल्यासारखा वाहिला. दिवाळीच्या सुट्टीत ते पॅसेंजरनं पुण्याला गेले आणि त्या कॉलेजच्या जिमखान्याच्या पायरीवर बसून राहिले. तिथले खेळाचे प्रमुख मानसिंगराव मैदानावरून परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. मोठ्या मिशांचे, घरातही गळ्यात शिट्टी घालून बसणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, दरवर्षी माझ्याकडं वीस जण येतात. प्रत्येकाचं पोरगं वाऱ्यासारखं पळतं. मी कुणाला शब्दावर घेत नाही."

"मग पाहून घ्या."

"तुमच्याकडे गड्ड्याच्या जत्रेत सामने असतात ना? आमच्या पुण्याचा एक संघ येतोय, त्यांच्याबरोबर मीही येतो. पाच मिनिटं पळताना दाखवा. पाच मिनिटांत मला माणूस कळतो."

मास्तर परत आले ते तरंगतच. अडचण एकच होती. गड्ड्यातले सामने मोठ्या गड्यांचे, शाळेच्या संघाला तिथं कोण उभं करणार? सोलापूरचा संघ उतरवायचा विरुपाक्ष.

आणि विरुपाक्ष तर मास्तरांचाच. लहानपणी त्याला बाप नव्हता. मास्तरांनी त्याला पळायला शिकवलं, रागवायला शिकवलं आणि रागावल्यावर गप्प बसायलाही शिकवलं. आता तो एका मिलच्या कामगार कल्याण खात्यात होता, मिलचा खो-खो संघ सांभाळत होता. अंगावर टेरिकॉटचा शर्ट आला होता, पण मास्तरांच्या घरी आला की खुर्चीवर बसत नसे.

"विरुपाक्ष, हा पोरगा मला तुझ्या संघात हवा आहे. एका सामन्यापुरता."

विरुपाक्षनं बिरदेवला तासभर पळताना पाहिलं. तो नुसता गालातल्या गालात हसत राहिला. घरी येऊन काशम्मांनी वाढलेली शेंगापोळी खाताना म्हणाला, "मास्तर, हा कुठं लपवून ठेवला होतात?"

"लपवला कुठं? रोज मैदानावरच असतो."

"असा गडी मी नाही पाहिला."

"पुण्याचे मानसिंगराव त्यालाच बघायला येणार आहेत. पहिल्या तुकडीत घे म्हणजे झालं."

"पहिल्या तुकडीत पहिलं नाव," विरुपाक्ष म्हणाला. "तुम्ही सांगायला हवं का मास्तर?"

तेव्हापासून बिरदेव संध्याकाळी मिलच्या मैदानावर सरावाला जाऊ लागला. मास्तरांच्या मैदानावर येणं कमी होत गेलं. आला तरी लवकर जाई. एकदा पायात नवे कॅनव्हासचे बूट दिसले.

"कुणी दिले रे?"

"विरुपाक्ष सरांनी."

मास्तर दिवसभर खूश होते. "बघ," ते काशम्मांना म्हणाले, "माझ्या एका पोरानं माझ्या दुसऱ्या पोराला बूट घेऊन दिले."

"बूट दिले, बरं केलं," काशम्मा म्हणाल्या. "पण पोरगं हल्ली तुमच्याशी बोलत का नाही?"

"परीक्षा आली ना जवळ."

सामन्याच्या दिवशी मानसिंगरावांना आणायला मास्तर टांगा करून स्टेशनवर गेले. गड्ड्याची गर्दी रस्त्यावर मावत नव्हती. पाळण्यांची करकर, कर्ण्यांवर कानडी आणि मराठी गाणी एकमेकांवर चढलेली. मानसिंगराव टांग्यात अवघडून बसले होते.

"मास्तर, तुम्ही किती पोरांना पुण्याला धाडलंत आजवर?"

"एकालाही नाही. हा पहिला."

"मग काळजी आहे तुमच्या तोंडावर ती बरोबर आहे."

"काळजी नाही. तो मैदानात उतरला की माझं काम संपलं."

पार्क मैदानावर दोघांना पुढच्या खुर्च्या मिळाल्या. नाणेफेक पुण्यानं जिंकली आणि सोलापूरला आधी पळायला लावलं. नोंद करणाऱ्यानं पहिल्या तुकडीची तीन नावं पुकारली. त्यात बिरदेव नव्हता. पहिलं नाव होतं शिवयोगी, म्हणजे विरुपाक्षचा मेहुणा.

मास्तरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी रेघेकडे पाहिलं. बिरदेव नऊ जणांच्या ओळीत अगदी टोकाला बसला होता. नवे बूट, गुडघ्याला हात, नजर जमिनीवर. तिसरी तुकडी.

"यातला कोणता?" मानसिंगरावांनी विचारलं.

"पुढं आहे," मास्तर म्हणाले. "येईल."

शिवयोगी बरा पळत होता हे मास्तरांना कबूल करावं लागलं. एक गडी लवकर गेला, दुसरा मध्यावर, पण शिवयोगी खांब धरून वेळ खात राहिला. तो बाद झाला तेव्हा दुसरी तुकडी उतरली आणि त्यांचा निम्मा खेळही झाला नाही तोच शिट्टी वाजली. बिरदेव उठला, चड्डीची माती झटकायला हात मागे नेला आणि मातीच नव्हती म्हणून तसाच खाली आणला.

मधल्या वेळात मास्तर गर्दीतून वाट काढत विरुपाक्षपाशी गेले. त्याला बाजूला घेतला.

"हे काय, विरुपाक्ष? मेहुण्याला पुढं काढायचं होतं तर तसं सांगायचंस. मी त्या माणसाला पुण्याहून आणलाय."

"रागावू नका मास्तर. डाव आहे हा. हुकमाचा पत्ता कुणी पहिल्या हाताला टाकतं का? दुसऱ्या पाळीत बघा की."

"दुसऱ्या पाळीत पहिल्या तुकडीत?"

"बघा की, म्हटलं ना."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि परत जागेवर आले. मेहुण्याचा विचार मनात आणला याची त्यांना थोडी लाज वाटली होती.

पाठलाग मात्र सोलापूरनं अप्रतिम केला. एकाच पाळीत पुण्याचे इतके गडी बाद झाले की शेवटची पळती सुरू व्हायच्या आधीच लोक टोप्या उडवायला लागले. पुण्यानं राहिलेले सगळे बाद केले तरी सामना सोलापूरच्या हातून जाणार नव्हता.

शेवटच्या पळतीची पहिली तुकडी पुकारली. शिवयोगी आणि तेच दोघे.

या वेळी मास्तर उठले नाहीत. मानसिंगरावही काही विचारेनात. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, गाडीची वेळ बघितली आणि परत ठेवलं.

पण पुण्याची पोरं चिडली होती. हरायचंच आहे तर मान राखून हरू, असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी असा काही पाठलाग लावला की शिवयोगी दुसऱ्याच खोला आडवा झाला, त्याच्यामागून बाकीचे दोघे. दुसरी तुकडी आली आणि तीही वाऱ्यावर गेली. नोंद करणाऱ्यानं तिसरी तुकडी पुकारली, तेव्हा घड्याळात चांगला वेळ शिल्लक होता.

मास्तरांनी मानसिंगरावांच्या मनगटावर हात ठेवला. "तो. डावीकडचा."

"ए धनगरा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "अरे, ये तो बकरीवाला है. भाग बे, शेर आया!" लोक हसले.

बिरदेव मैदानात शिरला आणि पहिल्या क्षणी काय करावं हे न कळल्यासारखा उभा राहिला. बरोबरचे दोघे पळू लागले होते. पुण्याचा उंच गडी सरळ त्याच्यावर आला. त्याचा हात पाठीला लागणार, तेवढ्यात बिरदेवचं शरीर आपोआप वळलं. उंच गडी पोटावर घसरत गेला. खो मिळाला, दुसरा उठला. बिरदेव दोन बसलेल्या गड्यांच्या मधून गेला, परत आला, परत गेला. दुसऱ्यानं सूर मारला आणि नाकात माती घेऊन उठला. तिसऱ्याला त्यानं खांबापाशी आणलं, खांबाभोवती फिरवलं आणि तिथंच सोडून दिलं. आता हसणारे गप्प झाले होते. मघाचा दखनी बोलणारा ओरडला, "क्या भागता है रे बाबा!"

मास्तरांनी मानसिंगरावांकडे पाहिलं. ते खुर्चीतून पुढे सरकले होते आणि शिट्टी दातांत धरली होती.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. "कंबर बघतो तो. बघितलंत?"

"थांबा," मानसिंगराव म्हणाले. "बघू द्या."

तेव्हा रेघेवरून विरुपाक्षची हाक आली. एकदाच. "बिरदेव!"

ओरडा करणारे शंभर जण होते, पण बिरदेवनं ती एकच हाक ऐकली हे मास्तरांना दिसलं. त्यानं तिकडं पाहिलं. पळता पळता पाहिलं. मग तो खांबाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याचा पाय मंदावला. मागून येणारा पुण्याचा गडी काही विशेष नव्हता, दमलेला होता, त्याची कंबर कुठं वळणार हे आंधळ्यालाही कळावं. बिरदेवची कंबर त्याच बाजूला वळली. हातापुढं त्यानं आपली पाठ नेऊन ठेवली.

थाप पडली. शिट्टी वाजली. बिरदेव मान खाली घालून बाहेर गेला.

गर्दीला काही कळलं नाही. "खेळला, चांगला खेळला," म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात सामना संपला, सोलापूर जिंकलं, कुणीतरी विरुपाक्षला खांद्यावर उचललं आणि हलगी सुरू झाली.

मानसिंगराव अजून खुर्चीतच होते.

"त्याला ताप होता काल," मास्तर म्हणाले. "आणि इतका वेळ बसून पाय आखडतात. तुम्ही उद्या सकाळी माझ्या मैदानावर..."

"मास्तर."

"एकदा परत बघा त्याला."

"मास्तर, तुम्ही शिकवलंय त्याला. तुम्हाला दिसलं नाही?"

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. एक झालं होतं, दुसरं तोंडातून निघेना.

"दिसलं," ते म्हणाले.

"असं पळणारं पोरगं मी दहा वर्षांत पाहिलं नाही. ते खरोखर बाद झालं असतं, तरी मी आत्ता त्याच्या बापाकडं आलो असतो तुमच्याबरोबर." मानसिंगराव उठले. "कच्चा गडी मी पक्का करीन. पण स्वतः होऊन पाठ देणाऱ्याला माझ्या पोरांच्यात कसा बसवू? तुम्ही माझ्या जागी असता तर बसवला असता?"

मानसिंगरावांनी टांगा नको म्हणून सांगितलं आणि ते एकटेच स्टेशनकडे चालत गेले.

बिरदेव मंडपाच्या कनातीमागं बूट सोडत बसला होता. मास्तर समोर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता, हळू होता.

"का?"

बिरदेव बुटाची नाडी सोडवत राहिला. गाठ बसली होती.

"बिरदेव, मी तुला विचारतोय."

"मिलमंदी लावतो म्हनले." तो खालीच बघत बोलला. "पाळीवर. एक तारखेपास्नं. सांजच्याला तेंच्या संघात खेळायचं. म्हनले, पुन्यानं बघितलं की न्हेतील, मग काय जमायचं न्हाय. तिसऱ्या तुकडीत बस म्हनले, पाळी यायचीच न्हाय. आली तर लई येळ ऱ्हाऊ नगं."

"कधी म्हणाले?"

"दिवाळी झाल्यावर."

म्हणजे शेंगापोळी खाऊन गेल्यावर. म्हणजे बुटांच्याही आधी. मास्तर मनातल्या मनात मागं मागं जात राहिले. रोज ते काशम्मांना पुण्याची गोष्ट सांगत होते, आणि रोज हा पोरगा मान हलवून त्यांच्यासमोरून निघून जात होता.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुमच्याम्होरं तोंड उघडंना, मास्तर. तुमी लई हुरूपात हुता."

"तीन वर्षं तुला मी..." मास्तर थांबले. असं बोलणं त्यांना कुणाच्या तोंडी आवडत नसे.

बिरदेवनं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाजात थोडी चीड होती. "तुमी आबाला इचारलंत पुन्याचं. मला कुटं इचारलंत?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

मंडपापुढं हलगी घुमत होती.

"व्हयच म्हनलो असतो," बिरदेव म्हणाला.

एवढं ऐकून मास्तर वळले. समोर विरुपाक्ष होता. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला भस्माच्या वर गुलाल. तो वाकला तसे मास्तर दोन पावलं मागं सरले. वाकलेला हात जमिनीलाच लागला.

"मास्तर, सामना जिंकलो की."

"हो. जिंकलास."

"तुम्ही रागावणार हे मला माहीत होतं. पण ऐकून घ्या. दरवर्षी हेच चालतं. आपण मातीतून पोरगं उचलायचं, घडवायचं, आणि पुण्या-मुंबईनं आयतं घेऊन जायचं. एकदा गेलेला परत येतो का? सोलापूरनं काय नुसता पोरं पुरवायचा धंदाच करायचा का? आणि त्याचं वाईट कुठं झालं? घरात पगार येईल."

"हे सगळं बरोबर असेल," मास्तर म्हणाले. "मग माझ्या घरी बसून हे का नाही बोललास?"

विरुपाक्ष गळ्यातली माळ सारखी करू लागला.

"भांडला असतास तर भांडलो असतो. कदाचित ऐकलंही असतं तुझं. तू नाव देतो म्हणालास, पहिलं. आणि त्या पोराला काय शिकवलंस? तू स्वतः कधी मुद्दाम बाद झालास?"

"नाही."

"मी शिकवलं नव्हतं म्हणून."

विरुपाक्षच्या गळ्यातली माळ कुणीतरी मागून ओढली आणि गर्दी त्याला घेऊन गेली.

मास्तर चालत घरी आले. काशम्मांना त्यांनी नुसतं "जमलं नाही" एवढंच सांगितलं, आणि तांब्याभर पाणी पिऊन बाहेरच्या ओट्यावर बसले. दिवे लागले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हरिबाचं मुंडासं दिसलं. मागून बिरदेव, अनवाणी.

हरिबानं येऊन कागदाची पुडी ओट्यावर ठेवली. "तोंड गोड करा, मास्तर. पेढं हायती."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"विरुपाक्ष सायेब घरी येऊन सांगून गेलं. पोरगं मिलंत लागलं. म्हनले, ह्ये समदं मास्तरांनीच जुळवून दिलंया, तेंचंच पाय धर." हरिबा ओट्याखालीच बसला आणि मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसू लागला. "एक वरीस द्या म्हनला हुता तुमी. मी मनात म्हनत हुतो, मास्तर भोळा मानूस, पळन्यानं कुटं प्वाट भरतं? पर केलं की तुमी! गाठी उचलून माझं कंबरडं गेलं, तेचं न्हाय जायाचं आता."

काशम्मा दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हरिबाच्या, आणि काही न विचारता पदर सावरून तिथंच उभ्या राहिल्या.

बिरदेव बापाच्या मागं उभा होता. मास्तर काय बोलतात इकडं त्याचं सगळं लक्ष होतं. एका वाक्यात मास्तर त्याच्या बापाला सगळं सांगू शकत होते. हरिबाला ते कळलं असतं की नाही कोण जाणे, पण हे पेढे त्याच्या घशाखाली उतरले नसते एवढं नक्की.

मास्तरांनी पुडी सोडली, एक पेढा उचलून तोंडात टाकला. खवा ताजा होता. चावायला फार वेळ लागला.

"चांगलं झालं, हरिबा," ते म्हणाले. "घर उभं राहील."

"तुमच्यामुळं."

"बिरदेव."

"जी."

"उद्यापासून तू मैदानावर येऊ नकोस. लहान पोरं असतात तिथं. ती तुझं बघून शिकतात."

पुढं येऊन वाकावं की मागंच राहावं हे बिरदेवला उमगेना, आणि तो होता तिथंच उभा राहिला. काशम्मांनी दाराची चौकट घट्ट धरली.

हरिबा मात्र मोठ्यानं हसला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "तेला आता येळ तरी कुटला, मास्तर? पाळी असती की मिलची! चल रं, सकाळी उटायचंय."